डेस्कटॉपवरचा आगंतुक ढग

लॅपटॉप नवा कोरा. बॉक्स उघडला, वायफाय जोडलं, ईमेल आयडी टाकला, 'नेक्स्ट', 'नेक्स्ट', 'अ‍ॅक्सेप्ट'... झालं! महिनाभर मजेत जातो. मग एक दिवस स्क्रीनच्या कोपऱ्यात निरोप झळकतो, तुमचं स्टोअरेज भरत आलंय, जास्तीची जागा विकत घ्या. अरेच्चा! ५१२ जीबीची डिस्क, त्यात चार सिनेमे आणि ऑफिसच्या मूठभर फायली. भरली कशी?

डिस्क रिकामीच आहे हो. भरलेत ते ५ जीबी, जे तुम्ही कधी मागितलेच नव्हते. फाइल एक्स्प्लोरर उघडा आणि डावीकडे बघा. तुमच्या नावापुढे 'पर्सनल' लिहिलेला निळा ढग दिसतोय? हाच आपला या आठवड्याचा पाहुणा, वनड्राइव्ह.

पाहुण्याचा बायोडेटा थोडक्यात. २००७ मध्ये आला तेव्हा नाव होतं स्कायड्राइव्ह. ब्रिटनमधल्या स्काय या टीव्ही कंपनीने नावावरून मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, २०१३ मध्ये निकाल मायक्रोसॉफ्टच्या विरोधात गेला आणि २०१४ मध्ये वनड्राइव्ह असं बारसं झालं. फुकटात १५ जीबी मिळायचे, ते २०१६ मध्ये ५ वर आले. याच काळात स्वारी विंडोजमध्ये थेट घरात शिरली आणि २०१८ पासून तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तीन खोल्यांचा ताबाच मागू लागली. 'बॅकअप' हे त्याचं गोंडस नाव. २०२४ मध्ये तर विंडोज ११ च्या नव्या सेटअपमध्ये हा बॅकअप धड न विचारताच चालू होतो, अशी जगभर ओरड झाली.

आता यात बिघडलं काय? लोकलमध्ये बॅग चोरीला गेली, कीबोर्डवर चहा सांडला, तर फायली वाचतात की! खरंय. बॅकअप हवाच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, असं आपण समजतो. इथे तसं नसतं, आणि सगळी गोची तिथेच आहे.

बॅकअप चालू झाला की तुमचा डेस्कटॉप जागेवरून हलतो. दिसायला तोच वॉलपेपर, तेच आयकॉन. पण एखाद्या फाइलवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'लोकेशन' वाचा. पत्त्यात वनड्राइव्ह घुसलेला दिसला, तर तुमचा डेस्कटॉप आता त्या फोल्डरच्या पोटात आहे. म्हणजे घर तेच, फक्त सातबारा दुसऱ्याच्या नावावर!

मग दोन प्रकारचे झटके बसतात. पहिला, भुतांच्या फायली. २०१७ पासून 'फाइल्स ऑन-डिमांड' नावाची सोय आली. तिच्यामुळे फाइल एक्स्प्लोररमध्ये दिसते, पण प्रत्यक्षात असते ढगात. क्लिक केलं की नेटवरून उतरते. पुण्याहून सकाळी डेक्कन क्वीन पकडलीय, अकराला नरिमन पॉइंटला क्लायंट मीटिंग आहे आणि घाटातल्या बोगद्यात प्रेझेंटेशनवरून शेवटचा हात फिरवायचाय... फाइल समोर दिसतेय, उघडत मात्र नाही! म्हणून फाइलजवळची चिन्हं ओळखायला शिका. नुसता निळा ढग म्हणजे फाइल ऑनलाइन. पांढऱ्यावर हिरवी टिकमार्क म्हणजे सध्या लॅपटॉपवर आहे, पण जागा कमी पडली की परत ढगात जाऊ शकते. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक म्हणजे फाइल कायम तुमच्याकडे. प्रवासाच्या आदल्या रात्री हवे ते फोल्डर निवडा, राइट-क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' द्या आणि खुशाल झोपा.

दुसरा झटका जास्त वाईट. 'स्टोअरेज भरलं'चा निरोप रोज बघून वैताग येतो, आणि आपण 'नको तो वनड्राइव्ह' म्हणत त्यातले फोल्डर डिलीट मारतो. कॉम्प्युटरवरचे ओरिजिनल आहेतच ना! नाहीत. तेच ओरिजिनल होते. इथून पुसलं की ढगातून आणि जोडलेल्या प्रत्येक मशिनवरून पुसलं जातं. ताईच्या लग्नाचे फोटो गेलेच म्हणायचे? लगेच टेन्शन नको. वनड्राइव्हच्या वेबसाइटवर रिसायकल बिन असतो आणि पर्सनल खात्यात तिथे ३० दिवस माल पडून राहतो. फक्त तो बिन रिकामा करायची हुक्की आवरा. नुसती डिस्क मोकळी करायची असेल, तर डिलीट नव्हे, राइट-क्लिकमधलं 'फ्री अप स्पेस' वापरायचं.

बरं, पाहुण्याला घालवायचं ठरलंच, तर क्रम चुकवू नका. आधी वनड्राइव्हमधले सगळे फोल्डर 'ऑलवेज कीप' करून पूर्ण उतरवून घ्या. हिरवे गोल दिसेपर्यंत थांबा, नेट स्लो असेल तर रात्रभर. मग टास्कबारवरच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्जमध्ये 'मॅनेज बॅकअप'मधली बटणं बंद करा. फायली कुठे ठेवायच्या असं त्याने विचारलं, तर 'पीसीवर' सांगा. काही वेळा मात्र तो न विचारताच बाजूला होतो, डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि तिथे 'व्हेअर आर माय फाइल्स' नावाचा एकच आयकॉन उरतो. (हे नाव देणाऱ्याला विनोदाचं बक्षीस द्यायला हवं.) घाबरू नका, सगळं वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतं. तिथून सी ड्राइव्हवरच्या मूळ डेस्कटॉपवर कॉपी करा. कट करू नका हं, कारण खातं अजून जोडलेलं आहे आणि कट केलं तर ढगातली प्रत डिलीट होते. चार फायली उघडून खात्री केली की 'अकाउंट'मध्ये 'अनलिंक धिस पीसी'. नकोच असेल, तर शेवटी 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'मधून सरळ अनइन्स्टॉल. रजिस्ट्रीत शिरून डावीकडचा ढग घालवण्याच्या ट्रिक्सही आहेत, पण त्या नुसत्या वरवरच्या. आयकॉन जातो, सिंक चालूच राहतं.

ढगात कुठलीही वस्तू ठेवणार नाही, असा हट्ट मी धरत नाही. पण पॅन कार्डाचं स्कॅन, सॅलरी स्लिप, घरभाड्याचा करार हे सगळं आपण डेस्कटॉपवरच टाकतो. ते कुठे जातंय हे आपल्याला ठाऊक असायला नको?

ऑफिसच्या लॅपटॉपवर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. तिथे ढग कंपनीचा, सेटिंग्ज आयटी डिपार्टमेंटची. ती उगाच उचकटायला जाऊ नका, बॉसपेक्षा आयटीवाले जास्त चिडतात! पण डेस्कटॉपवर ठेवलेले गोव्याचे फोटो आणि दुसऱ्या कंपनीसाठी बनवलेला रेझ्युमेसुद्धा कंपनीच्या खात्यात जातो, एवढं ध्यानात असू द्या. राजीनामा दिला, शेवटच्या दिवशी लॉगिन बंद झालं की फायलींचं दार तुमच्यासाठी बंद. खातं डिलीट झाल्यावर त्यातला माल साधारणपणे ३० दिवस राहतो, आणि तुमच्या मॅनेजरला तो बघता येऊ शकतो. हो, रेझ्युमेसकट! त्यामुळे नोटीस पिरियड सुरू व्हायच्या आधीच पर्सनल फायली आपल्या पेन ड्राइव्हवर घ्या. अर्थात, कंपनीच्या नियमात पेन ड्राइव्ह बसत असेल तर.

मॅकवाल्यांनो, हसू नका. २०१६ पासून तुमचाही डेस्कटॉप आयक्लाउडमध्ये जाऊ शकतो, फुकट जागा तिथेही ५ जीबीच, आणि ते बंद केलं की तुमचाही डेस्कटॉप रिकामा दिसतो. फायली आयक्लाउड ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये शोधायच्या.