‘नाही’ म्हणणाऱ्या जवानाचा वाली कोण?

जवान सीमेवर असो की आपल्याच देशातल्या एखाद्या धुमसत्या गल्लीत, त्याच्या हातातली बंदूक आपल्या कराच्या पैशातून आलेली असते आणि ती चालते आपल्या नावाने. साताऱ्यातल्या मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरे फौजेत धाडली. आपण शहरांत बसून टाळ्या वाजवल्या. पण हात वर केलेल्या माणसावर गोळी झाडण्याचा हुकूम सुटला आणि त्यातल्या एका पोराने तो मानला नाही, तर त्याच्यामागे कोण उभे राहणार? असे हुकूम काढणाऱ्या यंत्रणेची टोके दिल्लीत आहेत आणि त्यांचा न्याय करणारी सर्वोच्च पीठेही इथेच आहेत. निदान दिल्ली परिसरात राहणाऱ्या आपण तरी हा प्रश्न दुसऱ्याच्या गळ्यात टाकू नये.

१. बेकायदा हुकूम नाकारणे ही बेशिस्त आहे, असे आपला कायदा कुठेही म्हणत नाही. १९५० च्या आर्मी ॲक्टचे कलम ४१ हुकूमभंगाला चौदा वर्षांपर्यंत कैद सांगते, पण ती कायदेशीर हुकूम मोडल्याबद्दल. २००६ साली मुंबईत वर्सोव्याला झालेल्या बनावट चकमकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय २०११ मध्ये याहून पुढे गेले. वरिष्ठाने बनावट चकमक करायला सांगितले, तर ती करायला नकार देणे हे कनिष्ठाचे कर्तव्य आहे. नकार दिला नाही, तर त्याच्यावर खुनाचा खटला चालेल, असे न्यायालयाने बजावले आणि ‘वरून ऑर्डर होती’ हा बचाव न्यूरेंबर्गच्या नाझी खटल्यांतच फेटाळला गेल्याची आठवण करून दिली. निकाल पोलिसांबद्दलचा होता. पण गणवेशाचा रंग बदलला म्हणून खुनाची व्याख्या बदलते का?

२. आता असा नकार देणाऱ्याचे प्रत्यक्षात काय होते ते पाहू. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात खान अब्दुल गफार खान यांचे नि:शस्त्र अनुयायी जमले होते. त्या दिवशी तिथे रक्ताचा सडा पडला. गढवाल रायफल्सच्या तुकडीलाही गोळीबाराचा हुकूम मिळाला. हवालदार चंद्रसिंह गढवाली यांनी आपल्या माणसांना तो पाळू नका म्हणून सांगितले आणि बंदुका खाली आल्या. पहिल्या महायुद्धात लढून आलेला हा माणूस. गोळीला भिणारा नव्हे. कोर्टमार्शलने त्यांना जन्मठेप दिली, मालमत्ता जप्त झाली, १९४१ पर्यंत ते तुरुंगात होते. साम्राज्याने हे केले याचे नवल नाही. खरी बोच पुढेच आहे. ५ मार्च १९३१ रोजी याच दिल्लीत गांधी-आयर्विन करार झाला. सत्याग्रहींच्या सुटकेचे कलम त्यात होते आणि हुकूमभंगाबद्दल शिक्षा झालेल्या सैनिक-पोलिसांना ही माफी लागू नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले होते. म्हणजे ज्यांच्यावर गोळी झाडायची नाही असे ठरवून या माणसांनी आयुष्य पणाला लावले, त्यांचे सोबती घरी गेले आणि हे आत राहिले. चंद्रसिंह १९७९ मध्ये वारले. १९९४ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. जिवंतपणी वाऱ्यावर सोडायचे आणि मेल्यावर तिकिटावर छापायचे, ही खोड इंग्रजांची नव्हे, आपली आहे.

३. गांधीजींची बाजू मात्र डावलून चालणार नाही, कारण या प्रश्नातला सर्वांत जड आक्षेप तोच आहे. एका फ्रेंच पत्रकाराने गढवाली जवानांबद्दल विचारले, तेव्हा त्यांच्या उत्तराचा आशय असा होता: सैनिक शपथेने बांधलेला असतो, आज मी त्याला हुकूम मोडायला शिकवले, तर उद्या माझे राज्य आल्यावर तो माझाही हुकूम मोडेल. अहिंसेच्या उपासकाने राज्यकर्त्याच्या खुर्चीतून दिलेले हे उत्तर आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्या फौजेत प्रत्येक हुकमावर चर्चा होते, ती फौज लढू शकत नाही.

पण आपण मागतो आहोत ते एवढे मोठे नाहीच. हे युद्ध मला पटत नाही, हा अधिकारी मला आवडत नाही, ही चौकी धोक्याची आहे, असल्या कारणांनी नकार देण्याची मुभा कोणी मागत नाही. प्रश्न मोजक्या हुकमांचा आहे: शरण आलेल्याला मारणे, कैद्याचा छळ करणे, नि:शस्त्र नागरिकांची कत्तल, बलात्काराकडे काणाडोळा. आणि शपथेचेच म्हणाल, तर आपल्या जवानाची पहिली निष्ठा संविधानाला वाहिलेली असते. हुकमासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालण्याची शपथ तो घेतो. निरपराध माणसाचा जीव घेण्याची नाही.

शिस्त बिघडेल म्हणणाऱ्यांनी शेजाऱ्याकडेही पाहावे. साहबजादा याकूब खान फाळणीपूर्वी इथेच व्हाइसरॉयच्या अंगरक्षक दलात अधिकारी होते. मार्च १९७१ मध्ये ते पूर्व पाकिस्तानात सेनापती होते. नागरिकांवर लष्कर सोडायला त्यांनी विरोध केला, राजीनामा दिला आणि पदावनती पत्करली. त्यांच्या जागी हुकूम पाळणारे आले, २५ मार्चच्या रात्री नागरिकांवर लष्कर सुटले आणि डिसेंबरात ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही झाली. पाकिस्तानची फौज नकार देणाऱ्यांनी बुडवली नाही, होकार देणाऱ्यांनी बुडवली.

४. नकार देणारा कोणीच नसतो तेव्हा काय घडते, हे पाहायला आपल्याला ढाक्यालाही जायला नको. गाझियाबादचे इंदिरापुरम घ्या. आज तिथे टॉवरच टॉवर आहेत, त्यांत आपली मराठी कुटुंबेही राहतात. त्यांच्या शेजारचेच मकनपूर. २२ मे १९८७ रोजी मेरठच्या हाशिमपुऱ्यातून पीएसीच्या, म्हणजे उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलाच्या, जवानांनी चाळीसच्या वर मुस्लिम पुरुष ट्रकमध्ये कोंबले. आधी मुरादनगरच्या गंगा कालव्यावर थांबून काहींना गोळ्या घातल्या, प्रेते पाण्यात टाकली. समोरून गाड्यांचे दिवे दिसले, तसा ट्रक पुढे निघाला आणि उरलेल्यांना मकनपूरजवळ हिंडन कालव्यावर संपवले. मोजकेच वाचले. पीएसी म्हणजे लष्कर नव्हे आणि ते साल युद्धाचे नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण चकमकीच्या धामधुमीत विचार करायला वेळ कुठे असतो, असे जे हमखास ऐकवले जाते, त्याचे उत्तर त्या ट्रकमध्ये आहे. मेरठ ते मुरादनगर वेळ होता. मुरादनगर ते मकनपूर पुन्हा वेळ होता, आणि तोवर तर पुढे काय होणार याबद्दल कोणाच्या मनात शंकाही उरलेली नव्हती. एकही बंदूक खाली आली नाही.

पुढचे अधिक लाजिरवाणे. खटला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला वर्ग केला. २०१५ मध्ये तीस हजारी न्यायालयातून सोळाही आरोपी सुटले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. एकतीस वर्षे! आणि आरोपींच्या यादीत प्लाटून कमांडरच्या वरचा एकही अधिकारी नव्हता. मग त्या रात्री ट्रक बराकीबाहेर पडला तो कोणाच्या भरवशावर? शिपायाला जन्मठेपेपर्यंत नेणारा आणि साहेबाला दारातूनच परत पाठवणारा कायदा अर्धा आहे. उरलेला अर्धा कोणी लिहायचा?

५. मेरठचा आणखी एक दाखला, थोडक्यात. २४ एप्रिल १८५७ रोजी तिथल्या ३ लाइट कॅव्हलरीच्या ८५ स्वारांनी काडतुसांना हात लावायला नकार दिला. रक्ताचा थेंब न सांडता. ९ मे रोजी त्यांना भर परेडमध्ये बेड्या ठोकल्या. १० मे रोजी छावणी पेटली आणि ११ ला शिपाई दिल्लीच्या वेशीत होते. मग झालेल्या कत्तलींचे समर्थन कोणी करू नये. पण जिथे शांतपणे नाही म्हणायला जागा ठेवलेली नसते, तिथे बंड होते. शिस्तीच्या कैवाऱ्यांना हे कळायला हवे.

६. आता मागणी. आर्मी ॲक्टमध्ये ‘कायदेशीर’ हे विशेषण आहे, पण हुकूम कायदेशीर होता की नाही हे ठरते नंतर, कोर्टमार्शलपुढे, आणि तोवर नकार देणारा अटकेत असतो. दिल्लीतले सशस्त्र दल न्यायाधिकरणही २००९ पासून बहुधा शिक्षा झाल्यावरच दाद ऐकते. ज्या जर्मनीने ‘हुकूम होता’ या सबबीचा कळस पाहिला, तिच्या १९५६ च्या सैनिक कायद्यात स्वच्छ लिहिले आहे की मानवी प्रतिष्ठेविरुद्धचा हुकूम न पाळणे म्हणजे हुकूमभंग नव्हे, आणि जो पाळल्याने गुन्हा घडेल तो पाळताच कामा नये. एवढे दोन वाक्यांचे कलम आपल्या लष्करी आणि पोलीस कायद्यांत का असू नये? त्याच्या जोडीला संशयास्पद हुकूम लेखी किंवा वायरलेसच्या नोंदीवर मागण्याचा हक्क हवा, आपल्या साखळीबाहेरच्या अधिकाऱ्याकडे तातडीने जाण्याची वाट हवी, निकाल लागेपर्यंत नोकरी आणि पेन्शनला धक्का न लागण्याची हमी हवी. आणि हे प्रशिक्षण केंद्रात शिकवायला हवे, रिक्रूटला आणि त्याहून आधी त्याच्या अधिकाऱ्याला.

यातले काहीही फौजेचे हात बांधत नाही. ते फक्त हुकूम देणाऱ्याला दोनदा विचार करायला लावते, आणि बहुधा म्हणूनच ते आजवर झालेले नाही. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती आहे, तिच्यापुढे हा विषय नेता येतो. गाझियाबाद, गुरुग्राम, नोएडा, दिल्ली, या भागांचे खासदार अधिवेशनात आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर बसतात. त्यांना लिहा. महाराष्ट्रातल्या आपापल्या गावच्या खासदारांनाही लिहा, कारण हुकूम झेलणारी पोरे तिकडची आहेत. उत्तर आले नाही, तर पुन्हा लिहा, आणि पत्राची प्रत जपून ठेवा.