गॅरेजमधील अभिजातता

जुन्या वस्तूंविषयी आपल्या मध्यमवर्गाची एक ठाम समजूत आहे : जी वापरली नाही, ती टिकली. या समजुतीला आमचा विरोध आहे. तो मांडण्यास निमित्त झाले आहे एका मोटारीचे. मोटारीवरचा लेख या जागी पाहून वाचकांच्या भुवया उंचावतील याची आम्हांस कल्पना आहे. परंतु ‘अभिजात’ हा शब्द ज्यांच्या रोजच्या अध्यापनात येतो, त्यांना हा विषय फार परका वाटू नये.

आमच्यापैकी एकाच्या घरी, नाशिकच्या गंगापूर रोडवर, १९८१ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. नंबर लावून आणि वर्षानुवर्षे वाट पाहून वडिलांनी ती घेतली. रविवारी त्र्यंबकेश्वर, लग्नसराईत सिन्नर, याहून लांब ती फारशी गेली नाही. मीटरवर अवघे एकतीस हजार किलोमीटर आहेत. वडील आता नाहीत. आईंचे माहेर सोलापूरचे. ‘एकदा ह्यांच्या गाडीतून सोलापूरला जाऊन येऊ’, एवढीच त्यांची इच्छा. अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर. या साध्या मागणीवर प्राध्यापक-कक्षात तीन महिने वाद चालला आहे आणि आम्ही सारे आईंच्या बाजूचे आहोत.

प्रथम पूर्वपक्ष. जुन्या गाड्यांच्या एका जाणकार संग्राहकाने आम्हांस सांगितले, “इतकी कमी धावलेली गाडी मिळत नाही. प्रत्येक किलोमीटरमागे तुम्ही तिची किंमत कमी कराल. झाकून ठेवा.” नातेवाइकांचे म्हणणे वेगळे, पण निष्कर्ष तोच : ‘दादांची आठवण आहे, रस्त्यात काही झाले तर?’ तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तोच सर्वांत गंभीर आहे. या तिन्हींचा विचार करू.

किंमतीचा मुद्दा खरा आहे. पण तो विकणाऱ्यासाठी खरा आहे. ज्याला विकायचेच नाही त्याने बाजारभाव आपल्या वर्तनाचा नियम का करावा? पाने न कापलेल्या जुन्या ग्रंथाला संग्राहक अधिक दाम देतो, म्हणून न वाचणे हा वाचकाचा धर्म ठरत नाही. शिवाय आमच्या गाडीच्या मीटरला पाचच आकडे आहेत. लाखाचा टप्पा ओलांडला की ते निमूटपणे पुन्हा शून्यावर येते. या गाडीचा इतिहास घरात माहीत आहे म्हणून एकतीस हजारांवर विश्वास ठेवायचा. बाजारात मात्र त्याच आकड्याची पूजा चालते.

दुसरा मुद्दा यंत्राचा. येथे ‘जपणूक’वाद्यांचे अज्ञान उघडे पडते. उभी गाडी जशीच्या तशी राहते हे त्यांनी गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात ती उभी राहूनच झिजते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. पेट्रोल सुकून त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. रबरी सील कडक होतात. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण त्याच्या भिंतीला बारीक भेगा पडतात. रविवारी दहा मिनिटे इंजिन चालू करून बंद करणे, हा घरोघरीचा उपचार तर अपायकारकच; इंजिन पुरेसे तापत नाही, आत धरलेले पाणी तेलातच राहते. ते उडून जायला तासभराची सलग धाव लागते. द्वारका परिसरातील आमच्या वयोवृद्ध मिस्त्रींनी हा सारा सिद्धान्त एका वाक्यात सांगितला : “सर, फियाट चालून मरत नाही, उभी राहून मरते.”

त्यांच्या म्हणण्याला पुरावा मुंबईच्या रस्त्यांवर होता. हेच १०८९ सी.सी.चे इंजिन, हीच स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा असलेली रचना घेऊन पद्मिनी टॅक्सी पिढ्यान्‌पिढ्या लाखो किलोमीटर धावल्या. २००३च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निघाली. तीही मोडली म्हणून नव्हे, टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून. त्या धावत होत्या तोवर सुटे भाग मिळत, कार्बोरेटर कानाने लावणारे हात होते. वापर थांबला की वस्तूबरोबर तिची विद्याही जाते. संग्राहक वस्तू वाचवील, परंतु कौशल्य कुलपात राहत नाही.

मोटारीच्या इतिहासाचा आरंभही आमच्या बाजूने साक्ष देतो. कार्ल बेंझची गाडी तयार होती, पेटंट झालेले होते, तरी लोकांचा विश्वास बसेना. ऑगस्ट १८८८मध्ये त्याची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभरएक किलोमीटरवरच्या आपल्या माहेरी, त्या गाडीतून निघाली. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतले, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने साफ केली. मोटार खरोखर मोटार ठरली ती या प्रवासाने, आणि तोही माहेरचा प्रवास! आईंच्या मागणीला याहून थोर पूर्वसूरी कोणता हवा? इंग्लंडमध्ये १९०५पूर्वीच्या गाड्या आजही दर नोव्हेंबरात लंडनहून ब्रायटनपर्यंत चालवत नेतात. तेथे जुनेपण हे चालवण्याचे कारण आहे.

आपल्याकडे मात्र व्याख्याच उलटी. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातील वाहनाची ‘विंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. परंतु ते रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतेच. गौरव करायचा आणि त्याच कागदावर पायात बेडी घालायची, ही आपली जुनी रीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा झालेल्या आनंदात आम्हीही सहभागी होतो. पण ज्या घरांनी त्या दिवशी पेढे वाटले, त्यांतील किती घरांतली मुले मराठीतून गणित शिकतात? भाषेला लांब पल्ला म्हणजे विज्ञान, कायदा, ज्ञानव्यवहार. तेथे ती न्यायची नाही आणि २७ फेब्रुवारीला तेवढी आवारात फिरवून पुन्हा आच्छादन घालायचे, हे रविवारी दहा मिनिटे इंजिन चालवण्यासारखेच आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत बंदिस्त केले म्हणूनच ते टिकले, असे कोणी म्हणेल. आम्ही ते नाकारत नाही. पण त्याची किंमत अशी की शतकानुशतके मराठीचे हे आद्य गद्य पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी लिपी उलगडली तेव्हा कोठे ते वाङ्मयेतिहासात आले. उलट ज्ञानेश्वरी हातोहात फिरली, तिच्यात अपपाठ शिरले, आणि शके १५०६मध्ये एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. वापराने झीज होते हे खरेच. पण झीज दुरुस्त करता येते आणि दुरुस्ती हीसुद्धा परंपराच असते.

आता सुरक्षितता. येथे आम्ही पूर्वपक्षाला मान देतो. या गाडीला एअरबॅग नाहीत, मूळचे पट्टे नाहीत, चारही चाकांना ड्रम ब्रेक. समृद्धी महामार्गावर, जेथे मोटारींना ताशी १२०ची मर्यादा आहे, तेथे साठाच्या वेगाने ती नेणे हा स्वतःवर आणि इतरांवर अन्याय होईल. जुन्या रस्त्यांवरही अवजड ट्रक आहेत. म्हणून ‘चालवा’ याचा अर्थ ‘किल्ली फिरवा आणि निघा’ असा आम्ही कधीच केला नाही. जगात एकच नमुना उरला असता तर आम्हीही तो संग्रहालयात ठेवला असता. पद्मिनीची ती स्थिती नाही.

इंधनाची अडचणही आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. यात एक विलक्षण योग आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी काढणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे. आणि १९३३मध्ये आमच्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातील रावळगावी, त्यांनी साखर कारखाना उभारला. ज्या उसाने त्यांचे एक स्वप्न साकारले, त्याच उसाचे इथेनॉल आता त्यांच्या दुसऱ्या स्वप्नाच्या नळ्या खात आहे. उपाय साधा आहे : नळ्या आणि पंपाचा पडदा बदलणे. तो आम्ही केला.

त्याखेरीज पाचही टायर नवे घातले, जुन्यांची नक्षी उत्तम असूनही. ब्रेकचे सील व तेल बदलले, रेडिएटर साफ केला, पुढे-मागे पट्टे बसवले. संग्राहकाच्या मते आम्ही गाडीचे ‘मूळपण’ घालवले. आमच्या मते मूळपण जुन्या टायरमध्ये नसते. मग टप्प्याटप्प्याने पल्ला वाढवला : आधी त्र्यंबकेश्वर, नंतर संगमनेर. संगमनेरच्या वाटेवर पेट्रोल पंप तापून गाडी एकदा थांबली. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे त्यावर ओले फडके ठेवले आणि वीस मिनिटांनी ती निघाली. त्या वीस मिनिटांत चार अनोळखी माणसे थांबली. त्यांतील एकाने न विचारता बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, “आमच्याकडंपण होती.” आच्छादनाखालच्या गाडीला हे कोणी म्हटले नसते.

तेव्हा निर्णय असा. डिसेंबरात, थंडी पडल्यावर, संगमनेर, अहिल्यानगर, करमाळा, टेंभुर्णी या वाटेने, दोन दिवसांत, अंधार पडण्यापूर्वी मुक्काम करत सोलापूरला जायचे. वेग साठाच्या आत. आई मागे बसणार नाहीत. पुढची जागा त्यांची, असे त्यांनी आधीच बजावले आहे. मीटरवर जाता-येता साडेसातशे किलोमीटर वाढतील आणि संग्राहकाच्या वहीत गाडीची किंमत तेवढी उतरेल. त्याने ती खुशाल उतरवावी.