गोड चालींतील सुरी

चाल गोड असली म्हणजे गाण्याचा अर्थही निर्मळ असतो, असें नाहीं. १७२८ सालीं लंडन येथें जॉन गे यानें 'बेगर्स ऑपेरा' हें नाटक रंगभूमीवर आणिलें. त्याचा नायक मॅकहीथ हा वाटमाऱ्या. गाणीं ६९, आणि बहुतेक लोकांच्या ओठांवरील परिचित चालींवर रचिलेलीं. चोर आणि मंत्री यांच्या नीतींत अंतर नाहीं, हा त्यांतील डंख. पहिल्याच हंगामांत ६२ प्रयोग झाले. १७७३ सालीं मात्र, अशा नाटकानें चोर वाढतात, म्हणून लंडनच्या मॅजिस्ट्रेटांनीं प्रयोग थांबविण्याची विनंती केली.

१९२८ सालीं बर्लिन येथें ब्रेख्ट व वाइल यांनीं या नाटकास नवें रूप दिलें. त्यावरूनच पुढें पु. ल. देशपांडे यांचा 'तीन पैशाचा तमाशा' १९७८ सालीं मराठींत आला. बर्लिनच्या नाटकांतील मॅकहीथच्या सुरीचें गाणें अमेरिकेंत लुई आर्मस्ट्राँग (१९५५) व बॉबी डॅरिन (१९५९) यांनीं गाइलें, आणि खुनांच्या यादीवर लोक आनंदानें ताल धरूं लागले!

माझ्या मतें बंदी हा यावर उपाय नव्हे. तिनें डंखही जाईल. विद्यार्थिमित्रांनो, आवडतें गाणें एकदां चालीवांचून वाचून पाहा, आणि मग गावयाचें कीं नाहीं तें ठरवा.