अभय कोणाला?

सह्याद्रीवर प्रेम करणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि नेमके याचेच आम्हांला भय वाटू लागले आहे.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या २८व्या कलमात प्रवेशपरवान्याची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत अभ्यास आणि छायाचित्रण यांच्या जोडीला पर्यटनही आहे. म्हणजे तिथली भटकंती ही परवानगीने मिळणारी सवलत आहे. आम्ही भटके मात्र तिला वडिलोपार्जित जहागीर समजतो. पाचनईहून चढावे, कोकणकड्यावर सूर्यास्त पाहावा, तोलार खिंडीतून उतरावे. आणि कुणी संख्येवर मर्यादा घाला म्हटले, की 'महाराष्ट्रात गडावर जायला परवानगी कसली?' असा टाहो फोडावा!

आमचा आक्षेप या टाहोला आहे. अभयारण्याची बंधने तिथल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजांच्या वाट्याला आधीच आली आहेत. चराई, लाकूडफाटा असे पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवहार कायद्याच्या कक्षेत गेले. वनहक्कांना कायद्याची मान्यता मिळायला २००६ साल उजाडावे लागले. ज्याची चूल जंगलावर पेटते त्याने नियम पाळायचे, आणि ज्याचा केवळ रविवार तिथे साजरा होतो त्याने स्वातंत्र्याच्या गप्पा मारायच्या, हा कुठला न्याय?

काजव्यांचेच पाहा. मे सरता सरता भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा ही झाडे काजव्यांनी लुकलुकू लागतात. आम्हांला ती रोषणाई वाटते. वस्तुतः ती नराने मादीला घातलेली साद असते. अंधार ही त्यांच्या वंशवृद्धीची अटच आहे. तो अंधार पाहायला आम्ही मोटारींचे दिवे पेटवून जातो, आणि ज्या ओल्या मातीत त्यांची पुढची पिढी वाढायची तीच पायदळी तुडवतो. वर यालाच निसर्गप्रेम म्हणतो.

गावाला रोजगार मिळतो, असे यावर उत्तर येईल. मिळतो, आणि मिळायलाच हवा. पण रोजगारासाठी झुंडच कशाला हवी? ठरावीक संख्या, स्थानिक वाटाड्या सक्तीचा, त्याला भरघोस मोबदला, काजव्यांच्या दिवसांत गाड्या जंगलाबाहेर. यात गावाची कमाई बुडत नाही. बुडते ती आमची सोय.

अभयारण्यात अभय द्यायचे ते वन्य जिवांना. शिकाऱ्याच्या बंदुकीपासून ते देण्याचे काम कायद्याने अंगावर घेतले. आमच्या प्रेमापासून ते कोण देणार? मर्यादेची मागणी वनखात्याआधी आम्हीच करायला हवी. नाहीतर भटके म्हणवून घेण्याचा हक्क तरी सोडावा.