पाटी कोणाच्या गळ्यात?

महामार्गावरून जाताना ‘अपघातप्रवण क्षेत्र’ अशी पाटी आपण सर्वांनीच वाचलेली आहे. ही पाटी एखाद्या वाहनाला कोणी बांधत नाही, चालकाच्या गळ्यातही अडकवत नाही. ती जागेवर उभी असते. वळण आंधळे आहे, उतार फसवा आहे, इथे कोणीही आला तरी त्याने जपून जावे, एवढाच तिचा अर्थ. खेळाच्या मैदानावर मात्र हीच पाटी आपण नेमकी उलट वापरतो. तिथे जागा निर्दोष ठरते आणि माणूस ‘दुखापतप्रवण’. या उलटापालटीविषयी आम्हांला काही म्हणायचे आहे आणि त्यासाठी अमेरिकी फुटबॉलमधील मॅथ्यू स्टॅफर्ड या खेळाडूचे उदाहरण आम्ही निवडले आहे. त्याच्या तरुणपणी लोकांनी दिलेला निकाल आणि काळाने दिलेला निकाल असे दोन्ही आज आपल्यासमोर असल्यामुळे ही निवड सोयीची आहे.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो पुढे फेकण्यासाठी योग्य साथीदार दिसेपर्यंत दोन-तीन सेकंद त्याला उभे राहावे लागते. त्या अवधीत प्रतिस्पर्धी संघातील सव्वाशे किलोंच्या आसपासचे धिप्पाड गडी त्याच्यावर तुटून पडत असतात आणि त्याच्याच संघातील पाच जणांची भिंत त्यांना थोपवू पाहते. भिंत ढासळली आणि चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅक जमिनीवर आदळला, की त्याला ‘सॅक’ म्हणतात. ज्याची नजर दूर मैदानावर खिळलेली असावी लागते, त्याच्यावर अनेकदा नजरेआडून घाव बसतो.

२००८ साली डेट्रॉइट लायन्स हा संघ १६ पैकी १६ सामने हरला. या लीगमध्ये नव्या खेळाडूंची निवड करताना सर्वांत दुबळ्या संघाला पहिला मान मिळतो. त्यानुसार २००९ मध्ये लायन्सनी जॉर्जिया विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा स्टॅफर्ड निवडला आणि त्याला चार कोटी डॉलरांहून अधिक रकमेची हमी दिली. ही पद्धत वरवर न्यायाची वाटते. पण तिचा दुसरा अर्थ असा, की सर्वांत गुणी मुलगा सर्वांत पडक्या भिंतीमागे उभा केला जातो. त्याच्या हाडांची परीक्षा तिथूनच सुरू होते.

त्या वर्षी २२ नोव्हेंबरला क्लीव्हलंड ब्राउन्सविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या क्षणी स्टॅफर्डचा डावा खांदा निखळला. घड्याळ शून्यावर आले होते, पण प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे लायन्सना आणखी एक संधी मिळाली. नियमानुसार जखमी खेळाडूला बाहेर जावे लागले. इतक्यात ब्राउन्सनी विश्रांतीचा काळ मागितला आणि त्या अवधीत स्टॅफर्ड डॉक्टरांच्या हातून सुटून पुन्हा मैदानात आला. लोंबणारा डावा हात घेऊन त्याने एका यार्डावरून चेंडू फेकला, ब्रँडन पेटिग्रूने तो झेलला आणि लायन्स ३८–३७ असे जिंकले. चार दिवसांनी तो पुढच्या सामन्यालाही उभा राहिला. तो सामना लायन्स ३४–१२ असा हरले. पुढे गुडघ्याच्या दुखण्याने त्याचा मोसम दहा सामन्यांतच आटोपला. २०१० च्या पहिल्याच सामन्यात शिकागो बेअर्सच्या ज्यूलियस पेपर्सने त्याला पाडले आणि या वेळी उजवा, म्हणजे फेकीचा खांदा जायबंदी झाला. ऑक्टोबरच्या अखेरीस तो परतला आणि आठवड्याभरातच त्याच खांद्यावर पुन्हा घाव बसला. जानेवारी २०११ मध्ये शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षांत ३२ पैकी १९ सामने हुकले. पाटी रंगवून तयार होती, ती आता गळ्यात पडली.

हा निकाल अगदीच आधाराविना होता असे आम्ही म्हणणार नाही. संघाने पैसा आणि भविष्य ज्याच्यावर लावले आहे तो मैदानात दिसतो की नाही, हा प्रश्न रास्तच आहे. प्रश्न आहे तो झालेल्या गोष्टींवरून माणसाच्या घडणीबद्दल अनुमान काढण्याचा.

इथे एका जुन्या अभ्यासाची आठवण उपयोगी पडते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांत काही कामगारांना वारंवार अपघात होत. मेजर ग्रीनवुड आणि हिल्डा वुड्स यांनी १९१९ मध्ये या अपघातांच्या नोंदी तपासल्या. (मेजर हे त्यांचे नावच, हुद्दा नव्हे.) त्यांच्यापुढे तीन शक्यता होत्या. एक, हा केवळ योगायोग असेल. दोन, पहिला अपघात माणसाला बदलून पुढच्याची वाट मोकळी करत असेल. तीन, काही माणसे मुळातच अधिक अपघातशील असतील. त्यांच्या आकड्यांशी तिसरी शक्यता सर्वांत जवळची ठरली आणि ‘अपघातप्रवण माणूस’ ही कल्पना त्यातूनच पुढे रूढ झाली. नंतरच्या अभ्यासकांनी मात्र मर्मावर बोट ठेवले. सर्व कामगारांपुढचा धोका सारखा होता हे धरून चालता येईल काय? एक जण धारदार यंत्रापाशी आणि दुसरा मोजणीच्या मेजापाशी असेल, तर बोटे कोणाची कापली यावरून स्वभावाचे निदान कसे करणार?

या तीन शक्यता स्टॅफर्डला लावून पाहू.

प्रथम योगायोग. लीगमध्ये ३२ संघ, म्हणजे ३२ प्रमुख क्वार्टरबॅक. समजा, प्रत्येकाला एका मोसमात मोठी दुखापत होण्याची शक्यता अगदी सारखी, तीनांत एक आहे. तर कोणाच्याही शरीरात काही उणे नसताना, लागोपाठ दोन वर्षे जायबंदी होणारे तीन-चार जण केवळ गणिताने निघतील. त्या तीन-चार जणांना मात्र आपण काचेचे म्हणू. दोन मोसमांचा पुरावा एवढाच असतो.

दुसरी शक्यता, जखमेतून जखम. ही खरी असते आणि तिच्याकडे डोळेझाक करू नये. २०१० चा पहिला मानकरी सॅम ब्रॅडफर्ड पदार्पणात सर्व १६ सामने खेळला होता, परंतु ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये तोच गुडघा पुन्हा गेला. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांच्या बाबतीत तर ही सावधगिरी जिवाशी निगडित आहे. स्टॅफर्डच्या बाबतीत उजव्या खांद्याची पुनरावृत्ती एवढीच या सदरात बसते आणि तिच्यावर शस्त्रक्रिया हा उपाय होता. डावा खांदा, गुडघा, उजवा खांदा यांची बेरीज करून ‘नाजूक प्रकृती’ हे उत्तर काढणे म्हणजे तीन वेगळ्या गावांत पडलेल्या पावसाला एकच ढग जबाबदार धरणे होय.

राहिली तिसरी शक्यता, घडणच कच्ची असण्याची. तिचा निवाडा काळाने केला. २०११ मध्ये स्टॅफर्ड सर्व १६ सामने खेळला, त्याने ५,०३८ यार्डांची फेक केली आणि १९९९ नंतर प्रथमच लायन्स बाद फेरीत पोहोचले. तिथपासून नोव्हेंबर २०१९ पर्यंत साखळीतील सलग १३६ सामन्यांना त्याने प्रारंभ केला. ज्या संघाच्या चाहत्यांनी त्याच्या हाडांविषयी शंका घेतली होती, त्याच संघाने २०१७ मध्ये त्याला पाच वर्षांसाठी साडेतेरा कोटी डॉलरांचा, वार्षिक सरासरीने तोवरचा सर्वांत मोठा करार दिला. पुढे लॉस एंजेलिस रॅम्सकडून त्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोल जिंकला.

यावर कोणी म्हणेल की एका उदाहरणावरून नियम ठरत नाही. खरे आहे. म्हणून उलट बाजूचे उदाहरणही पाहावे. २०१२ चा पहिला मानकरी अँड्र्यू लक इंडियानापोलिस कोल्ट्ससाठी पहिल्या तीन मोसमांत एकही सामना चुकला नाही. त्याला सर्व जण पोलादी समजत. मग २०१५ मध्ये खांदा आणि मूत्रपिंड जखमी झाले, २०१७ चा पूर्ण मोसम गेला, २०१८ मध्ये तो दिमाखात परतला आणि २४ ऑगस्ट २०१९ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, दुखापत, वेदना आणि उपचार यांच्या न संपणाऱ्या फेऱ्याला कंटाळून निवृत्त झाला. बातमी फुटली तेव्हा तो मैदानाच्या कडेला उभा होता आणि बाहेर पडताना स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. स्टॅफर्ड दोन वर्षांत काचेचा ठरला असता आणि लक तीन वर्षांत पोलादाचा. दोन्ही निदाने चुकली.

आम्हांला सर्वांत खटकते ती यातली नैतिक विसंगती. निखळलेला खांदा घेऊन परतणाऱ्या मुलाची चित्रफीत आपण पुन्हा पुन्हा कौतुकाने पाहतो आणि पुढच्या वर्षी तो पडला की नाजूक म्हणून हिणवतो. शौर्य म्हणून ज्याची आरती ओवाळली, त्याचाच हिशेब दुबळेपणा म्हणून मांडायचा! शिवाय या लीगमधील बहुतेक करारांची पूर्ण रक्कम हमीची नसते. त्यामुळे ही पाटी केवळ गप्पांपुरती राहत नाही. ती पुढच्या कराराच्या बोलणीला बसते, आणि तिच्या भीतीने एखादा तरुण आपली वेदना डॉक्टरांपासून लपवतो. भाकीत असे स्वतःलाच खरे करून घेते.

आज ही पाटी सिनसिनाटी बेंगल्सच्या जो बरोच्या गळ्यात आहे. २०२० मध्ये गुडघा, २०२३ मध्ये उजवे मनगट, २०२५ मध्ये पायाचे बोट. २०२१ च्या साखळीत तो ५१ वेळा सॅक झाला, लीगमध्ये सर्वाधिक, आणि त्याच मोसमाच्या सुपर बोलमध्ये आणखी सात वेळा. त्या रात्री समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक स्टॅफर्ड होता. बरोच्या शरीराविषयी आम्ही कोणताही दावा करत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की निदान करण्यापूर्वी तो किती वेळा आणि कोणत्या भिंतीमागे पडला हे मोजले जावे. एकच अवयव पुन्हा पुन्हा दगा देत असेल तर तसे स्पष्ट म्हणावे, ती वैद्यकीय नोंद होईल. एरवी ‘दुखापतप्रवण’ हा शब्द म्हणजे आपल्या अज्ञानाला दिलेले शास्त्रीय नाव.

आपल्याकडे लागोपाठ दोन संकटे आली की नव्याने घरात आलेल्या सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणत. संकटाचे कारण शोधण्याचे कष्ट त्यामुळे वाचत आणि घरातल्या इतरांना दोषातून सुटका मिळे. मैदानावरच्या पाटीचे कामही याहून फार वेगळे नाही. भिंत बांधणाऱ्यांची, सामन्यांची संख्या वाढवणाऱ्यांची आणि टाळ्या पिटणाऱ्या आपल्या सर्वांची ती सोय करते. रस्ते बांधणाऱ्यांनी निदान पाटी कुठे लावावी एवढे तरी ओळखले आहे.