दवाखान्याचे प्रगतिपुस्तक

सरकारी दवाखाना कसा सुधारावा हे आम्हा गरिबांना कोण विचारतो, असे आपण नेहमी म्हणतो. पण महाराष्ट्रात एकदा विचारले गेले, हेही सांगितले पाहिजे.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००७ साली पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. आरोग्य केंद्राला गुण गावकऱ्यांनीच द्यायचे. चांगल्याला हिरवा रंग, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल. अक्षरओळख नसलेल्या माऊलीलाही तो तक्ता वाचता येई. पुढे जनसुनवाई. समोर अधिकारी, आणि रोज बुडवून आलेल्या आयाबाया उभ्या राहून सांगत: डॉक्टर मुक्कामी राहत नाहीत, औषधाची चिठ्ठी बाहेरची देतात, फुकटच्या उपचाराला पैसे मागतात. काही ठिकाणी त्या चिठ्ठ्या थांबल्या. पारावर वर्षानुवर्षे शिव्या देऊन जे झाले नव्हते, ते चारचौघांत तारीखवार सांगितल्याने झाले.

आमची एक शंका मात्र आहे. तक्ता गावाचा एकच. नर्सबाई गावठाणात येते आणि बौद्धवाड्यापर्यंत पोचत नाही, तर रंग कोणता भरायचा? आमच्या मते वस्तीचा रकाना वेगळा हवा, आणि तो वस्तीतल्या बाईनेच भरावा. गावच्या आरोग्य समितीत आपल्या वस्तीतले कोण आहे, हे येत्या ग्रामसभेत विचारा. नावे आशाताईंनाही ठाऊक असतात.