दोरी बांधणारा मुलगा



मूल विचित्र वागू लागले की आपण म्हणतो, “लाडावलंय, दोन धपाटे दिले की येईल ठिकाणावर.” परंतु धपाट्याने वागणे दडपते, त्यामागचे दुःख तसेच राहते. ते दुःख मुलाला स्वतःलाही सांगता येत नाही. ते हुडकून काढण्याचे काम मनोविश्लेषणावर आधारलेला उपचार करतो. असा उपचार वर्षानुवर्षे चालतो असा समज आहे. पण लहान मुलांच्या बाबतीत कधी कधी मोजक्या भेटीही उपयोगी पडतात. त्याचे एक गाजलेले उदाहरण पाहू.

लंडनमध्ये पॅडिंग्टन ग्रीन येथील मुलांच्या रुग्णालयात डॉ. डोनाल्ड विनिकॉट यांनी सुमारे चाळीस वर्षे काम केले. १९५५ साली त्यांच्याकडे सात वर्षांचा एक मुलगा आला. तो घरातल्या खुर्च्या-टेबले दोरीने एकमेकांना बांधून ठेवी. एकदा त्याने धाकट्या बहिणीच्या गळ्याभोवती दोरी बांधली, तेव्हा आईबापांच्या पोटात गोळा उठला.

डॉक्टरांनी आधी आईबापांचे सगळे ऐकून घेतले. मुलगा सव्वातीन वर्षांचा असताना धाकटी बहीण जन्मली. चार वर्षांचा होत आला तेव्हा आई शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात गेली. पुढे पावणेपाच वर्षांचा असताना आई दोन महिने मनोरुग्णालयात होती. मग डॉक्टर मुलाबरोबर रेघोट्यांचा खेळ खेळले. एकाने कागदावर सहज रेघ ओढायची, दुसऱ्याने तिचे चित्र करायचे. या मुलाने बहुतेक रेघांचे काय केले? फासा, चाबूक, दोरीची गाठ!

डॉक्टरांनी आईला सांगितले, “तुम्ही दूर जाल ही त्याला भीती आहे. म्हणून तो सगळे बांधून ठेवतो. सवड काढून त्याच्याशी हे बोला.” आईला हे आधी खुळचटपणाचे वाटले. तरी ती बोलली, आणि मुलगा जणू त्याचीच वाट पाहत होता. दोरीचा खेळ थांबला. वर्षभराने आईला पुन्हा शस्त्रक्रियेसाठी जायचे होते, तेव्हा दोरी परत निघाली. आईने समजावले की या वेळी थोडेच दिवस आहेत, आजार गंभीर नाही. दोरी पुन्हा सुटली.

यातील सर्वात मोठी गोष्ट आईनेच ओळखली. ती घराबाहेर होती तेव्हाच मूल दुरावले असे नाही. ती उदास होऊन घरातच बसली होती, मुलाकडे तिचे लक्षच नव्हते, तेव्हा ते अधिक दुरावले.

पण हा जादूचा दोरा नव्हे. आईची उदासी पुनःपुन्हा येत राहिली आणि मुलगा पूर्ण बरा झाला नाही, हे विनिकॉट यांनी पुढे स्वतःच लिहिले. म्हणजे थोड्या भेटी तेव्हाच पुरतात, जेव्हा घर पुढचे काम उचलू शकते. घरच खचलेले असेल तर आईलाही उपचार हवेत. त्यात लाज कसली?

आपल्या घरात काय होते? आई बाळंतपणाला गेली, बाप कामासाठी परगावी गेला, तर मुलाला सांगतो, “बाजारात गेलेत, येतील.” मूल रात्रभर वाट पाहते. त्याऐवजी खरे सांगा: कुठे जाणार, किती दिवस, तोवर कोण सांभाळणार. मुलाबरोबर रोज थोडा वेळ खेळा, त्याची चित्रे बघा, शिक्षा करण्याआधी विचारा.

आणि मूल स्वतःला किंवा भावंडांना इजा करू लागले, झोप-जेवण सुटले, तर अंगारे-धुपारे न करता सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठा. २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवाही आहे, क्रमांक १४४१६.

मुलाच्या हातातली दोरी हिसकावून घेण्याआधी, ती त्याने कशासाठी धरली आहे एवढे तरी विचारा.